घोडेवालं छोटं पिस्तूल, सदऱ्याखाली बसेल असं – काय बघून घ्यावं?

केळीबाग_रावेर
रामराम मंडळी. दोन वर्षं जिल्ह्याला खेटे घातल्यावर शेवटी परवाना हातात पडला. सकाळी सावदा, दुपारी बऱ्हाणपूर, कधी फैजपूर, असा माझा केळीचा धंदा. मागच्या उन्हाळ्यात रोकड घेऊन येताना दोन मोटारसायकली बराच वेळ मागे होत्या. काही झालं नाही, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढे अर्ज केला.

आता प्रश्न. मला घोडा बाहेर दिसणारंच पिस्तूल हवंय. कारण सांगतो. आजोबांची बारा बोरची दुनळी होती, मागे दोन घोडे. रात्री शेतात लाइट नसायची. आजोबा बंदूक हातात घेतली की आधी अंगठा मागे फिरवायचे. घोडा पडलेला की चढवलेला, डोळ्यांनी बघायची गरजच नाही. ती सवय मला लागली. वापरणार सदरा-पायजम्यात, म्हणजे लहान पाहिजे. कुणी वापरलंय का? काय घ्यावं?

अहिराणी_आप्पा
आरे भो, घोडा म्हंजे काय ते आधी सांगा. आमले त लगनना घोडाच माहीत शे 😀

जुना_आर्मरर
आप्पांनी चेष्टा केली, पण मुद्दा खरा आहे. मराठीत या शब्दाचा पार गोंधळ झालाय. मुंबईत अख्ख्या पिस्तुलाला घोडा म्हणतात, बातमीत "घोडा दाबला" छापतात तेव्हा त्यांना ट्रिगर म्हणायचं असतं. या धाग्यापुरतं ठरवून घेऊ. बोटाने ओढतो तो चाप. मागच्या बाजूला वर-खाली होतो आणि सुईवर आपटतो तो घोडा.

काडतुसाच्या बुडावर सुई दोन तऱ्हांनी बसते. एकात घोडा मागून सुईला ठोकतो. दुसऱ्यात घोडा नसतोच. सुईच स्प्रिंगवर ताणून धरलेली असते आणि चाप ओढला की सुटते, त्याला स्ट्रायकर म्हणतात. आजकाल जगभर पोलिसांकडे दिसतात ती बहुतेक स्ट्रायकरवाली. मग घोडेवाल्याचा हट्ट का? केळीबागभाऊंनी आजोबांचं जे सांगितलं तेच कारण. घोडा बोलतो. तयार आहे की नाही हे अंगठ्याला कळतं.

एक सावधगिरी. "हॅमरलेस" लिहिलं म्हणजे घोडा नाही असं समजू नका. कोल्टचं १९०३चं पॉकेट मॉडेल हॅमरलेस म्हणूनच विकलं गेलं, आत मात्र व्यवस्थित घोडा आहे, फक्त स्लाइडखाली, म्हणजे वरच्या सरकत्या भागाखाली, झाकलेला. उलट ब्राउनिंगचं १९१० साधारण तसंच दिसतं, पण त्यात खरोखर स्ट्रायकर आहे. बाहेरून बघून ठरवू नये.

ओहायोतला_धुळेकर
एकदम माझ्या आवडीचा विषय! माझ्याकडे सीझेड पी-०१ आहे. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, ९ मिमी, मॅगझीनमध्ये १४ गोळ्या, आणि डिकॉकर. म्हणजे एक खटका दाबला की चढलेला घोडा गोळी न सुटता खाली येतो. मित्राकडे सिग पी२२९, तेही झकास पण जरा जाड. केळीबागभाऊ, डोळे झाकून पी-०१ घ्या. इथे तर जून २०२२पासून २१ वर्षांवरच्या माणसाला झाकून बाळगायला परवानाही लागत नाही.

भुसावळचा_वकील
धुळेकर, तुमचं प्रेम समजलं, पण पत्ता चुकला. ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोर, बोर म्हणजे नळीचं माप. तो परवाना केंद्र सरकारच देऊ शकतं आणि सामान्य माणसाला देत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यावर पिस्तूल म्हणजे व्यवहारात .३२. परदेशी माल विकत आणायचा म्हणाल तर साध्या परवानाधारकाला ते दार १९८०च्या दशकापासून बंद आहे. म्हणून देशात जी जुनी परदेशी पिस्तुलं शिल्लक आहेत तीच हातोहात फिरतात आणि त्यांचे भाव ऐकून माणूस खाली बसतो.

केळीबागभाऊ, तुम्हाला एक वेगळाच प्रश्न. परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय? "महाराष्ट्र राज्य" असेल तर दुपारचं बऱ्हाणपूर विसरा. रावेरच्या पुढे राज्याची हद्द ओलांडली की तुमचं कायदेशीर पिस्तूल बिनपरवान्याचं होतं. आधी ते वाचा, घोडा-बिडा नंतर.

केळीबाग_रावेर
वकीलसाहेब, आत्ता कपाटातून काढून बघितलं. महाराष्ट्र राज्यच लिहिलंय. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

भुसावळचा_वकील
कुणी सांगत नाही. क्षेत्र वाढवण्याचा अर्ज परवाना देणाऱ्याकडेच करा, कारण स्पष्ट लिहा, बऱ्हाणपूरच्या व्यवहाराच्या पावत्या जोडा. मिळेपर्यंत त्या बाजूला जाताना पिस्तूल घरी.

आणि "झाकून बाळगणं" हा आपल्याकडे शौक नाही, नियम आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. कमरेला लावून चौकात मिरवणं, हळदीत बार काढणं, रील बनवणं, हे सगळं अंगाशी येतं. आनंदाच्या भरात गोळीबार करून कुणाच्या जिवाला धोका केला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चोपडा_फास्ट
एवढा खटाटोप कशाला, आमच्याकडं उमर्टीचा गावठी माल... 🤫

जुना_आर्मरर
गमतीत म्हणालात असं धरून चालतो. मी नोकरीत असताना जप्त केलेले कट्टे उघडून बघितलेत. नळी कशाची असते ते त्या बनवणाऱ्यालाच माहीत. काडतुसाचा दाब पेलेल अशी घडवलेली नसते, नळीचं मागचं तोंड बंद होण्याची जागा ढिली. मागे उभा असलेला माणूस पुढच्यापेक्षा जास्त धोक्यात. एकाची दोन बोटं गेलेली बघितली आहेत मी.

भुसावळचा_वकील
आणि बोटं शाबूत राहिली तर बिनपरवाना शस्त्राला कमीत कमी दोन वर्षं, पाचपर्यंत. या विषयावर इथेच थांबू.

संपादक_मंडळ
बेकायदा शस्त्रांवर या धाग्यात पुढे कुणी लिहिलं तर प्रतिसाद उडवला जाईल.

तापीकाठ
मी बारा वर्षं सरकारी कारखान्याची .३२ रिव्हॉल्वर बाळगतो. केळीबागभाऊ, घोडा बाहेर पाहिजे ना? मग रिव्हॉल्वर घ्या की! घोडा बाहेर, खटके नाहीत, गोळी वाजली नाही तर परत चाप ओढा, चकरी फिरते, पुढची गोळी समोर. २०१४ साली कानपूरहून बायकांसाठी म्हणून निर्भीक काढली, अर्ध्या किलोची. २०२३ला प्रबळ आली, चकरी बाजूला उघडणारी. तिकडे हरदोईला वेब्लीचीही निघते आता. पिस्तुलाच्या मागे लागून लोक पैसा घालवतात.

पण खरं सांगू? आपल्या खान्देशात हत्यार कोणतं हा दुय्यम प्रश्न आहे. मुख्य प्रश्न आहे घाम. मे महिन्यात ४५ अंशात सदऱ्याच्या आत कमरेला लोखंड बांधून बघा. चामड्याचं होल्स्टर घाम पितं आणि तो घाम लोखंडाला पाजतं. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या रिव्हॉल्वरच्या निळ्या पॉलिशवर तांबूस ठिपके आले. तेव्हापासून रोज रात्री कोरडं फडकं, मग तेलाचं फडकं. होल्स्टर बनवताना अंगाकडच्या बाजूला जाड पत्रा घातलेला चामड्याचा डबल थर करून घेतला. एप्रिल ते जून मी ते कमरेला बांधतच नाही. आतून जाड कापडाची बंडी शिवून घेतलीय, डाव्या बगलेखाली त्यात होल्स्टर शिवलेलं. जुने सराफ बंडीच्या आत नोटा ठेवायचे ना, तसं.

जुना_आर्मरर
तापीकाठ म्हणतात ते बरंचसं मान्य. रिव्हॉल्वरची चकरी मात्र सदऱ्याखाली फुगते. बारीक माणसाच्या कमरेला ती लपत नाही, आणि केळीबागभाऊ किती जाड आहेत मला माहीत नाही 😀

पिस्तूलच हवं असेल तर कामाचं लिहितो, जरा लांबेल.

सरकारी .३२ पिस्तूल, अशनी. माझ्या हाताखालून गेलेल्या अशनींना बाहेर घोडा नव्हता. नळीत गोळी आणि सुरक्षेचा खटका लावून बाळगावं लागतं, किंवा नळी रिकामी ठेवून वेळेला स्लाइड ओढावी लागते. अंगठ्याला काही कळत नाही. तुमची अट तिथेच बाद.

उरली जुनी परदेशी. त्यात .३२मध्ये बाहेर घोडा, लहान आणि झाकायला सपाट असं म्हटलं की पहिलं नाव वॉल्थरचं. पीपी १९२९चं, पीपीके १९३१चं, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. पीपीच्या मॅगझीनमध्ये .३२च्या ८, पीपीकेत ७. या जोडीची खुबी अशी: घोडा खाली, नळीत गोळी, अशा अवस्थेत चाप लांब आणि जड ओढावा लागतो. तोच ओढा घोडा मागे नेतो आणि सोडतो. गोळी सुटली की स्लाइड मागे येताना घोडा चढवून ठेवते, म्हणून दुसऱ्या गोळीपासून चाप आखूड आणि हलका. स्लाइडवरचा खटका खाली केला की घोडा गोळी न मारता पडतो.

आता सदऱ्याचा मुद्दा, याबद्दल कुणी बोलत नाही. झाकून बाळगणाऱ्याला सर्वांत मोठा धोका पिस्तूल काढताना नसतो, परत ठेवताना असतो. सदऱ्याचं टोक, नाडी, बंडीचा दोरा चापाजवळ अडकतो आणि माणूस खाली दाबतो. स्ट्रायकरवाल्यात तेव्हा समजायला सहसा काही मार्ग नसतो. घोडेवाल्यात घोडा पाडून, ठेवताना अंगठा घोड्यावर टेकवून ठेवायचा. चापात काही अडकलं तर घोडा मागे सरकू लागतो, अंगठ्याला धक्का लागतो, हात थांबतो. तुमचे आजोबा अंगठा फिरवायचे, तेच. मला विचाराल तर घोड्याच्या बाजूने एवढा एकच मुद्दा पुरे. बाकीचे हौशी.

दुसरा छोटा फायदा. .३२च्या या पिस्तुलांत नळीचं मागचं तोंड बंद ठेवायचं काम स्प्रिंग आणि स्लाइडचं वजन करतं, म्हणून स्प्रिंग कडक. वयस्कर माणसाला स्लाइड ओढवत नाही. आधी अंगठ्याने घोडा चढवा, मग स्लाइड ओढा, बरीच हलकी लागते.

तोटाही ऐका. पहिला ओढा जड, दुसरा हलका. जड ओढ्यात नवख्याचा हात खाली झुकतो, पहिली गोळी जमिनीत. दुसरी हलक्यावर, अपेक्षेच्या आधी सुटते. सराव नसेल तर एकाच हत्यारात दोन हत्यारं असल्यासारखं होतं. आणि गडबडीत चढलेला घोडा तसाच ठेवून होल्स्टरात सारणारे मी बघितलेत.

ओहायोतला_धुळेकर
परत ठेवतानाचा मुद्दा सोळा आणे खरा. इथे प्रशिक्षक पहिल्या दिवशी हेच शिकवतात: काढायची घाई समजू शकतो, ठेवायची घाई कुणालाच नसते. पी-०१ मागे घेतो, सल्ला राहू द्या.

वरणगावकर_निवृत्त
काडतुसांच्या कारखान्यात आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. वरणगावला आम्ही रायफलची काडतुसं केली; .३२चं काम खडकीचं, बुडावर केएफ छाप बघा. दुकानात ".३२ द्या" एवढंच म्हणू नका. रिव्हॉल्वरचं .३२ लाँग वेगळं, पिस्तुलाचं .३२ म्हणजे ७.६५ मिमी, ते वेगळं. लांबी, कड, सगळंच वेगळं. नवे परवानाधारक इथेच घोळ करतात.

पिस्तुलाच्या .३२ला बुडाशी किंचित कड असते. मॅगझीन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या मागे अडकली तर मॅगझीन जाम. म्हणून प्रत्येक गोळी खालच्या गोळीच्या पुढे ठेवून मग मागे सरकवा. भरून झाल्यावर मॅगझीन मागच्या बाजूने तळहातावर हलकेच आपटायचं. काडतुसं गरम गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, आणि तेलाचा हात त्यांना लावू नका. तेल पिस्तुलाला, काडतुसाला कोरडं फडकं.

कापूसकाकू_शहादा
सगळे भाऊ घोडा, चाप, सुई करताय. मला एक सांगा, केळीबागदादा, घरी लहान लेकरं आहेत का? आमच्या घरी सासऱ्यांची बंदूक माळ्यावर चादरीत गुंडाळून असायची, "कुणाला दिसत नाही" म्हणून. माझा सहा वर्षांचा पोरगा दिवाळीच्या साफसफाईत ती ओढत खाली घेऊन आला. गोळी नव्हती म्हणून आज मी इथे शांतपणे लिहितेय.

घोडा बाहेर असणारं घेतलं तर लेकराच्या हातात ते खेळण्यासारखंच दिसतं. अंगठ्याने घोडा चढवायचा हे कार्टूनमध्ये रोज बघतात ते. तिजोरीचं काय ठरवलंय?

केळीबाग_रावेर
ताई, दोन मुली आहेत, आठ आणि पाच. खरं सांगतो, तिजोरीचा विचारच केला नव्हता. कपाटात ठेवणार होतो, चावी बायकोच्या मंगळसूत्रात.

कापूसकाकू_शहादा
मग बायकोला अंघोळीला जाताना मंगळसूत्र काढायला सांगू नका 🙂 भिंतीत बोल्ट मारलेली छोटी तिजोरी घ्या, नंबरवाली. पिस्तूल एकीकडे, गोळ्या दुसऱ्या कुलुपात. पिस्तुलाच्या हिशेबात तिजोरीचे पैसे आधीच धरा.

भुसावळचा_वकील
ताईंचं म्हणणं नियमाचंही आहे. आणि वहिनींना विचारलंय का, घरात हे आणायचं म्हणून? परवान्याच्या चौकशीत शेजाऱ्यांना विचारतात, घरच्यांना कुणी विचारत नाही.

जुनं पिस्तूल दुसऱ्या परवानाधारकाकडून घेणार असाल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि मग ४५ दिवस थांबायचं. "पैसे द्या, आजच घेऊन जा" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. वापर झालाच तर भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षण कलम ३४ ते ४४ आहे, वाचून ठेवा. पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी झाडली तर ते स्वसंरक्षण राहत नाही. रोकड हिसकावून तो पळाला की पिस्तूल होल्स्टरातच.

अहिराणी_आप्पा
मंग रोकड कशाले ठेवतस भो? फोनवर पैसा ले!

केळीबाग_रावेर
आप्पा, अर्धे व्यवहार फोनवर आलेत. पण मजुरांचा शनिवारचा पगार आणि ट्रकवाले अजून रोखच.

---

केळीबाग_रावेर *(तीन आठवड्यांनी)*
मंडळी, अपडेट. नाशिकच्या दुकानात जाऊन आलो. अशनी हातात घेतली. चांगली बसते हातात, पण अंगठा मागे फिरवला आणि तिथे काहीच नाही, गुळगुळीत. मला ओकंबोकं वाटलं. रिव्हॉल्वर घेतली तर पोटावर लिंबू बांधल्यासारखी.

मग एका निवृत्त डॉक्टरांकडचं पीपी बघितलं. वडिलांनी घेतलेलं, वर्षानुवर्षं कपाटात. किंमत सांगत नाही, घरी धागा वाचतात. आर्मररसाहेब, घ्यायच्या आधी काय तपासू?

जुना_आर्मरर
आधी मॅगझीन काढा, स्लाइड ओढून नळी बघा, बोट घालून बघा. दोनदा. मग:

नळीत कागद ठेवून उजेडात आत बघा, खड्डे किंवा काळे डाग आहेत का. कपाटातल्या पिस्तुलाला वापराने नाही, ओलाव्याने मार बसतो. मूठ उघडायला सांगा, लाकूड-बेकलाइटखाली गंज लपतो. नळी रिकामी असतानाच घोडा चढवा आणि मागून अंगठ्याने पुढे ढकला, पडता कामा नये. खटका खाली करून घोडा पाडा. मग चाप ओढून बघा, घोडा उठता कामा नये. जुन्या पिस्तुलाच्या डिकॉकरवर माझा आंधळा विश्वास नाही. गोळी भरलेली असताना तो वापरायचाच असेल तर नळी मातीच्या ढिगाकडे, आणि दर वेळी. मॅगझीन मूळचं आहे का बघा, दुसरं मिळणं मुश्कील. रिकाम्यावर खट्‌-खट्‌ चाप ओढत बसू नका, जुनी सुई तुटली तर दुसरी कुठून आणणार? सरावासाठी खोटी काडतुसं मिळतात.

आणि घेतल्यावर पहिलं काम स्प्रिंग बदलण्याचं. तेवढ्या वर्षांत मूळ स्प्रिंग मेलेली असते. रायफल क्लबात जाऊन निदान ५० गोळ्या वाजवून जाम होत नाही याची खात्री करा, पुंगळ्यांचा हिशेब वहीत ठेवा, मग अंगावर चढवा.

तापीकाठ
आणि बंडी शिवून घ्या. माझ्या शिंप्याला आता सवय झालीय, "आतल्या खिशाची" म्हटलं की विचारत नाही काही.

केळीबाग_रावेर *(दोन महिन्यांनी)*
४५ दिवस झाले, कागद झाले, परवान्यावर नंबर चढला. पिस्तूल घरी आलं. तिजोरी भिंतीत बसवली. नंबर बायकोने ठरवला आणि मला दोन दिवस सांगितला नाही. क्षेत्र वाढवायचा अर्ज अजून टेबलावरच. बंडी तयार. रविवारी क्लबात जाऊन ५० गोळ्या वाजवायच्या ठरल्या होत्या.

शुक्रवारी आचारसंहिता लागली. शनिवारी ठाण्यातून फोन, हत्यार जमा करा. काल जाऊन दिलं. पावती घेतली. हवालदाराने पिस्तूल हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, आणि न सांगता अंगठा मागे फिरवला.

अहिराणी_आप्पा
पावती सांभाळजो भो. मन्हा भाऊनी हरवी दिन्ही व्हती.